सगळ्यात वरचं कार्ड

७ फेब्रुवारी, शनिवार

लिहायचं लिहायचं म्हणत दिवाळीपासून टाळलं. या वहीवर अक्षरांपेक्षा चहाचे डागच जास्त आहेत. आज बसलो, कारण डोक्यात कायतरी वळवळतंय आणि हितं सोलापुरात सांगावं असं कोण नाही.

नव्या पेठेतल्या या ऑफिसात मी अजून आहे, हेच नवल! करमाळ्यातलं हॉटेल, पुण्यातलं गोडाऊन, मधे अर्धवट आयटीआय — कुठंच बूड टेकलं नाही. आमचे आप्पा म्हणतात, "बिरुदेवा, हे सुटलं की गप मेंढरांमागं यायचं." म्हणून हे सुटता कामा नये.

आदिनाथ सरांनी समाजाच्या वधूवर मेळाव्याची वेबसाईट माझ्यावर टाकलीय. मेळावा बावीसला. त्याआधी लोक घरी बसून मोबाईलवर कार्डं बघणार आणि कुणाला भेटायचं ते ठरवणार. ज्याचं कार्ड नाही त्याला कोण विचारणार?

काम शिकवलं पृथ्वीराजनं. वैरागचा, शेजारच्या खुर्चीत बसतो. टेम्प्लेटमध्ये कार्ड एकदाच लिहायचं — फोटो, नाव, गाव, शिक्षण. मग त्याला लूप लावायचा. जेवढी माणसं तेवढ्यांदा तेच कार्ड, फक्त आतला माणूस बदलतो. वाडग्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या, तोंडातनं एकेक मेंढरू सोडतात तसं! वर तो म्हणाला, "मशीन एकपासून मोजत नाही भावा. शून्यापासून." मी म्हटलं, आमच्यासारखंच की! तो हसला. त्याचं हसणं मला पटत नाही.

१० फेब्रुवारी

काय चाललंय कळेना. नवं नाव नोंदवलं की साईटवर दिसत नाही. लोकांचे फोन. नंतर बघावं तर दिसतंय! सर म्हणतात, "नेट स्लो असेल." नेट स्लो असेल तर बाकीचे कसे झटकन दिसतात?

कोणतरी नवं नाव धरून ठेवतंय आणि मनाला येईल तेव्हा सोडतंय. आणि पृथ्वीराज हल्ली फोन आला की उठून जिन्यात जातो. माझ्यासमोर बोलायला काय होतं?

११ फेब्रुवारी

एका पोरीचा फोन. नाव सांगितलं नाही. "दादा, माझ्या मावसबहिणीचं, रेश्माचं कार्ड दिसत न्हवतं. आज माझ्या मैत्रिणीनं नाव दिलं आन् रेश्माचं दिसाय लागलं. आता मैत्रिणीचं दिसंना. म्हंजे जे शेवटी येईल तेच लपतंय, व्हय ना?"

मी म्हटलं, ताई, नेटचा प्रॉब्लेम आहे.

"बरं. नेटचा तर नेटचा." आणि हसली!

हिला एवढं बारीक कसं ठाऊक? पृथ्वीराजनंच फोन करायला लावला असणार. माझी परीक्षा बघतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार

नोंदणी बंद. अगदी शेवटच्या घडीला एक नाव आलं — सोनम, अक्कलकोटकडची. नवं नाव वर लागतं, म्हणजे आता ही कायमची सगळ्यात वर. चला, फोन थांबले. सिद्धेश्वरच्या तळ्यावर जाऊन भेळ खाल्ली.

१७ फेब्रुवारी

कशाचं थांबतंय!

दुपारी एक म्हातारा आला. पांढरी टोपी, धोतर, घामानं निथळत होता. सोनमचे वडील, ईश्वरप्पा. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून कानडी-मराठीत सुरू झाला. "एन्रि, हे काय? आमच्या पोरीचं कार्ड कुटं हाय? माझ्याम्होरं फॉर्म भरलाय तिनं! नोंदणी झाली म्हणून मेसेज बी आलाय!"

सरांनी आत शोधलं. नाव आहे. फोटो आहे. साईटवर मात्र नाही.

"कुणाच्या सांगण्यावरनं काढलं?" म्हातारा म्हणाला. "आमच्यातला सिद्धप्पा सोयरिकी जुळवतो. त्यो चावडीवर म्हणाला, कार्ड काढलंय म्हंजे पोरीचं कायतरी असणार. आता काय असणार सांगा की! पोरगी शिकतीय, घरी येतीय. काय असणार?"

पाणी दिलं तर घेतलं नाही. टोपी काढली, झटकली, परत घातली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर सर माझ्याकडं वळले. "शुक्रवारपर्यंत कोणी काढलं ते सांग. नाहीतर शनिवारी पिशवी भरायची."

पृथ्वीराज मान खाली घालून टायपत होता. एवढं काय टायपत होता?

१८ फेब्रुवारी

सापळा लावला. चहाला जातो म्हणून निघालो आणि अर्ध्या जिन्यातनं मागं फिरलो.

पृथ्वीराज माझ्या मशीनवर! धरली गचांडी. "सापडलास!"

"अरे, सोड की! शर्ट नवाय!"

स्क्रीनवर काय? त्याचं स्वतःचंच कार्ड! फोटो मोठ्ठा करून बघत होता. "माझ्या मशीनवर रंग फिके दिसतात रे. नाक लई मोठं वाटतंय का?"

"आणि जिन्यात कुणाशी बोलतोस?"

"आईशी. मातोश्रींचा हुकूम आहे, चष्मा काढून फोटो टाक. तुझ्यासमोर बोलू व्हय? गावभर करशील."

नाक मोठं आहेच, ते सांगितलं. पण हा खरं बोलतोय कशावरून? एवढ्या चटकन उत्तर तयार?

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, ऑफिसला सुट्टी. मिरवणूक बघत कुठल्या कुठं गेलो. एका मंडळाच्या लेझीमवाल्यांबरोबर दोन चौक नाचलोसुद्धा! मग एकदम आठवलं — उद्या शुक्रवार. पृथ्वीराज नसेल तर कोण? सर स्वतःच असतील तर?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं नीट लिहितो.

पिशवी भरायचीच आहे तर घरी सांगून ठेवावं म्हणून सकाळी आईला फोन केला. ती वाडग्यातनं मेंढरं सोडत होती. "थांब रं बिरू, मोजू दे," म्हणाली आणि फोन तसाच ठेवला. मला ऐकू येत होतं — "देवाचं… एक… दोन… तीन…"

आमच्या घरची रीत आहे. पहिलं बाहेर पडेल ते मेंढरू बिरोबाचं. त्याच्यावर बोट ठेवायचं नाही, ते मोजायचं नाही. मोजणी दुसऱ्यापासून.

मी फोन तसाच चालू ठेवून ऑफिसकडं पळालो!

पृथ्वीराज म्हणाला होता, मशीन शून्यापासून मोजतं. मी काय समजलो? शून्य म्हणजे देवाची जागा, तिथं आपलं कोण नसतं. म्हणून मी लूप एकपासून सोडला. मशीनचं तसं नाही. त्याच्या शून्यावर चांगला जिवंत माणूस उभा असतो — सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा. त्यालाच मी रोज देवाला सोडत होतो! नवं कोण आलं की आधीचा खाली एकवर सरकायचा आणि दिसायला लागायचा. सोनमनंतर नोंदणीच बंद झाली. पोरगी अडकली तिथंच.

एकाचं शून्य केलं. पान परत उघडलं. सोनम! पांढरा एप्रन, आणि बघतीय अशी की मीच तिचं काहीतरी चोरलंय.

सर म्हणाले, "म्हणजे चोर तूच!" पृथ्वीराज पोट धरून हसला. या खेपेला मीपण. सरांनी ईश्वरप्पांना फोन लावून दिला. मी माफी मागितली. म्हातारा म्हणाला, "आता सिद्धप्पाला दावतो." संध्याकाळपर्यंत दोन-तीन घरांनी सोनमला भेटायचं कळवलंसुद्धा. सर म्हणाले, "पिशवी राहू दे."

उगाच पृथ्वीराजवर संशय घेतला. एका पोरीचं भलं झालं, एवढं तरी हातनं घडलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शटर वर केलं तर पायरीवर सोनम. एकटी.

"माझं कार्ड परत कुणी लावलं?"

आवाज ओळखला — नेटचा तर नेटचा! "मी इचारलं हुतं की तुमाला. शेवटी येईल तेच लपतंय म्हणून तर शेवटी नाव दिलं. आमच्या आप्पांच्या डोळ्याम्होरं फॉर्म भरला, आन् कुणाला दिसले बी न्हाय. नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय ओ दादा." सिद्धप्पा चावडीवर काय बोलला ते मी सांगितलं. "ते मला आप्पांनी सांगितलंच न्हाय," म्हणाली.

आता माझ्याच खुर्चीत बसलीय. मी काम केल्यासारखं दाखवत हे खरडतोय. काय चुकलं होतं ते तिला सांगून बसलो. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"एकाचं शून्य केलं ना? मग शून्याचं एक करा."