रागाची वीस दिवसांची सरासरी

आदरणीय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ते खरं धरू नये.

आमची ही आपल्याकडे राहायला का आली, ते तिने सांगितलं असेलच (सांगितलं नसेल तर प्रकरण जास्तच गंभीर आहे). तिच्या नव्या शिलाई मशीनसाठी ठेवलेले पैसे मी शेअरमध्ये घातले. आंधळेपणाने नव्हे, गणित समजून घेऊन. गेल्या वीस दिवसांच्या भावांची सरासरी काढायची. रोज नवा भाव आत घ्यायचा, सर्वांत जुना बाहेर काढायचा, म्हणजे रोजचे चढउतार पुसले जाऊन एक गुळगुळीत रेघ मिळते. ती चढू लागली की शेअर घ्यायचा. मी घेतला आणि भाव आपटला. आपण गणिताचे मास्तर; सरासरी होऊन गेलेलं सांगते, तेही उशिरा, हे आपण मागेच बजावलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती (पटलं म्हणून नव्हे, जेवण थंड होत होतं म्हणून).

तरी खोड जाईना. हिच्या रागाला मी रोज दहापैकी गुण देऊ लागलो आणि तशीच रेघ माझ्या चष्म्याच्या दुकानात, फ्रेमांच्या कपाटामागच्या भिंतीवर काढू लागलो. सुरुवातीला आठ-नऊ. मग ती माझ्याशी बोलेनाशी झाली, तेव्हा मी शून्य मांडू लागलो. रेघ छान उतरली. एका संध्याकाळी मोठ्या हौसेने तिला दुकानात नेऊन दाखवली, की बघ, तुझा राग ओसरतोय. तिने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरी जाऊन बॅग भरली. त्या दिवसाला मी दहा दिले. रेघ जेमतेम हलली. विसांत एका दिवसाचं वजन ते किती असणार.

चूक आता उमगते आहे. तिचं गप्प बसणं म्हणजे शून्य नव्हतं, तेच दहा होतं. शिवाय माझ्या सरासरीतून जुने दिवस गळतात. तिच्या सरासरीतून लग्नापासूनचा एकही गळलेला नाही. जुनं मशीन कापडाने झाकून ठेवलंय आणि मला घरात करमत नाही. फार वाईट वाटतं.

आपला,
चुकलेला साडू

ता. क. शेअर विकले. उरलं त्यात नवं मशीन येत नव्हतं, म्हणून जुन्याला मोटर बसवून घेतली. हे तिला सांगू नका, लाच वाटेल.

आणखी ता. क. बरं, सांगा.

शेवटचा ता. क. ती माझा विषय काढते का, एवढंच कळवा. सरासरी नको, आजचं सांगा.