सॅपोनेशियस म्हणजे थांब

ता. ५

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अण्णांना जाऊन बारा दिवस झाले, तुला परत जाऊन नऊ. आई जेवते. विचारलं की नको म्हणते, ताट पुढे ठेवलं की जेवते, म्हणून मी विचारायचं सोडलं आहे. मी कालपासून रुग्णालयात कामावर जायला लागले. धुलाईघरातल्या बायकांनी माझ्या वाटचे जड गठ्ठे आधीच हलवून ठेवले होते.

लिहायचं कारण वेगळं आहे. कारखान्याचा अहवाल आला. दोन पानं, इंग्रजीत, खाली व्यवस्थापकांची सही. एकतीस वर्षं साबणाच्या कढईवर काम केलेला माणूस सकाळी साडेसातला कढईच्या पायरीपाशी घसरला आणि डोकं लोखंडी कडेवर आपटलं, इथपर्यंत खरं आहे. पुढे लिहिलंय की त्याच्या बुटांचे तळ सॅपोनेशियस होते म्हणून तो घसरला, आणि बूट स्वच्छ ठेवणं हे त्याचं काम होतं. म्हणजे चूक अण्णांची. फरशीबद्दल एक अक्षर नाही.

अण्णांचे कढईवरचे जोडीदार परवा येऊन गेले. ते सांगत होते की दोन महिन्यांपासून फरशीवर मीठ टाकायला बंदी आहे. तुला आठवत असेल, पाळी सुरू करताना अण्णा आधी अर्धी बादली जाडं मीठ फरशीवर पसरायचे. मिठाने सांडलेला साबण फाटतो, त्याच्या कण्या होतात, त्या खराट्याने निघतात आणि पाय धरतो. आता नव्या यंत्राच्या पायांना मिठाने गंज चढतो म्हणून मुख्य कार्यालयातून हुकूम आला. तो कागद फळ्यावर लावलेला होता. अपघाताच्या दुपारी कोणीतरी काढून नेला. जोडीदार म्हणाले, पोरी, चार खिळे तेवढे उरलेत.

सत्तावीस तारखेला कारखाना निरीक्षक चौकशीला येणार आहेत. त्या दिवशी हा अहवाल मान्य झाला की अण्णा कायमचे निष्काळजी ठरतील. आणि फरशी तशीच राहील. आता तिच्यावर जोडीदार उभे राहतात.

आणखी एक विचारायचं होतं. तो शब्द कारखान्यात कोणाला माहीत असेल? ज्या रसायनतज्ज्ञांनी तो अण्णांना शिकवला, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. तू मुख्य कार्यालयात इंग्रजी पत्रांच्या टेबलावर बसतोस. अहवाल कोणी लिहिला ते विचारून कळव.

तब्येत सांभाळ. आईचा तुला आशीर्वाद.

तुझी,
ताई

---

ता. ११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू कामावर जायला लागलीस हे वाचून बरं वाटलं. आईला संध्याकाळी थोडं चालायला ने.

अहवालाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. अशी भाषा ठरलेली असते, त्यात कोणाला दोष द्यायचा हेतू नसतो. बुटांचे तळ म्हटलं म्हणजे माणूस वाईट होता असं होत नाही. आणि तो शब्द म्हणशील तर साधा आहे, साबणी, साबण लागलेला एवढाच अर्थ. इंग्रजी कार्यालयांत सर्रास चालतो. चादरी मोजता मोजता तू शब्दही मोजायला लागलीस की काय! अहवाल कोणी लिहिला हे सांगणं अवघड आहे, इथे एक कागद दहा हातांतून जातो.

चौकशीच्या दिवशी तू आणि आई घरीच थांबलात तर उत्तम. उगाच त्रास. मला इथे अजून कायम केलेलं नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून रजा मागवत नाही. एवढं समजून घे.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा

---

ता. १५

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं, म्हणून सरळ लिहिते.

मी तीन माणसांना तो शब्द विचारला. आपल्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना, रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना, आणि वाचनालयात जो माणूस दिवसभर इंग्रजी वर्तमानपत्रं वाचत बसतो त्याला. तिघांनाही माहीत नव्हता. डॉक्टर म्हणाले, औषधाचं नाव आहे का? बाईंनी जाडा कोश काढला तेव्हा सापडला. तेव्हा सर्रास चालतो हे मला सांगू नकोस.

तो कुठे चालतो ते मला माहीत आहे. आपल्या घरी चालतो. अण्णांना तो इतका आवडला होता की सातवी शिकलेला माणूस कढईएवढा मोठा शब्द तोंडात घेऊन घरी आला आणि आईला म्हणाला, आजपासून मला हात लावू नकोस, मी सॅपोनेशियस आहे. मग न्हाणीघरात कोणी पाणी सांडलं की ते ओरडायचे, सॅपोनेशियस! आणि आपण जिथे असू तिथे थांबायचो. पाय उचलायचा नाही, पूर्ण टेकवायचा आणि भिंतीला हात लावायचा. तू चार वर्षांचा होतास, शब्द नीट बोलता यायचा नाही, पण थांबायचास.

या जगात तो शब्द रोजच्या बोलण्यात वापरणारी चार माणसं होती. एक गेलं. आईला इंग्रजी येत नाही. मी तो अहवाल लिहिलेला नाही.

तू माझ्याच ताटात जेवून माझ्याशी खोटं बोललास असं मला वाटतंय. अण्णांना निरोप देऊन गेलास आणि गेल्या गेल्या टेबलावर बसून त्यांनाच दोषी ठरवलंस. तुझे हात कसे चालले?

बूट माझ्याजवळ आहेत. दर रविवारी अण्णा चाकूने तळांना आडव्या खाचा पाडायचे, त्या अजून ताज्या आहेत, बोट घातलं तर रुततं. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांचे कपडे रुग्णालयातून माझ्याच धुलाईघरात आले. मीच ते धुतले. पाण्यात टाकले, मी साबण घातला नव्हता, तरी बादली फेसाने भरून वर आली. सदऱ्याची पाठ, विजारीची एक बाजू, सगळा साबणच. तीन पाण्यांनी फेस गेला नाही. एवढा साबण बुटांच्या तळांवर मावत नाही. तो फरशीवर होता.

कोशात त्या शब्दाला आणखी एक अर्थ दिला आहे. गुळगुळीत बोलणारा, हाती न लागणारा. तो मी तुझ्यासाठी वापरणार नाही. शब्द अण्णांचा आहे, तो मी त्यासाठी खर्च करणार नाही.

मीठबंदीच्या हुकुमाची प्रत तुमच्या फायलीत असणार. ती सत्तावीसच्या आत मला हवी. पाठवणार नसलास तर उत्तरही लिहू नकोस.

ताई

---

ता. २१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अहवाल मी लिहिला.

मी परत कामावर रुजू झालो त्याच दिवशी कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः टिपणं घेऊन इथे आले. मी कोणाचा मुलगा आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणाले की तुझ्याच हातचं असलेलं बरं, घरच्यांना शंका राहणार नाही. मग मला चहा मागवला. मी तो प्यायलो, ताई.

पहिल्यांदा मी फरशी सॅपोनेशियस होती असंच लिहिलं. दुसरा शब्द सुचलाच नाही. ओला, निसरडा, काहीही लिहिता आलं असतं, पण माझ्या डोळ्यांसमोर अण्णा न्हाणीघराच्या दारात उभे होते. व्यवस्थापकांनी वाचलं, फरशी या शब्दावर शाईने काट मारली आणि वर बुटांचे तळ असं लिहिलं. बाकी वाक्य छान आहे म्हणाले. मी ते पुन्हा टंकलं. एका जागी दोन शब्द बदलायचे होते, दोन मिनिटं लागली.

हुकुमाची प्रत सोबत आहे. तो हुकूमही माझ्याच टेबलावरून गेला होता. तेव्हा मी वाचला नाही, फक्त इंग्रजी तपासलं. मीठ हा शब्द त्यात तीनदा आहे, तरी मला अण्णा आठवले नाहीत. अहवालाचा पहिला खर्डाही पाठवतो आहे, व्यवस्थापकांच्या शाईसकट. माझी सही करून मागे चार ओळींत काय झालं ते लिहिलं आहे. मला इथे ठेवतील असं वाटत नाही.

सत्तावीसला येण्याचं धाडस नाही. निरीक्षकांसमोर उभा राहीन, तुझ्यासमोर नाही.

आईला अजून सांगू नकोस. लोभ मागण्याचं तोंड मला उरलेलं नाही.

धाकटा

---

ता. २८

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल चौकशी झाली. आई आली होती. तिला मी सगळं सांगितलं, कारण ते ती दुसऱ्याकडून ऐकणं मला नको होतं. ऐकल्यावर तिने तुझा बिछाना उन्हात घातला.

कढईशेजारच्या खोलीत एक लांब टेबल होतं. निरीक्षक वयस्कर होते. त्यांनी अहवाल मोठ्याने वाचला आणि त्या शब्दापाशी अडकले. व्यवस्थापकांना विचारलं की याचा अर्थ काय. त्यांनी घसा साफ केला, तांत्रिक शब्द आहे म्हणाले. निरीक्षक म्हणाले, सही तुमची आहे, तुम्हाला कळला असेलच ना? व्यवस्थापक खिडकीकडे बघायला लागले. ज्या माणसाला शब्द माहीत नव्हता त्याने तो माझ्या बापाच्या पायाला बांधला होता. मला इतका राग आला की मी उभी राहिले. तुला ठाऊक आहे, मी कधी उभी राहत नाही.

मी म्हटलं, याचा अर्थ साबणी. आणि आमच्या घरी याचा उपयोग असा, की कोणी हा शब्द उच्चारला की बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. त्या सकाळी या कारखान्यात तो कोणीही उच्चारला नाही. तो अपघातानंतर लिहिला गेला. मग मी बूट टेबलावर ठेवले, खाचा वर करून. हुकूम ठेवला आणि तुझा खर्डा ठेवला. निरीक्षक शाईची काट बराच वेळ बघत होते. नंतर म्हणाले, मला फरशी दाखवा.

ते दारातून दोन पावलं आत गेले आणि त्यांनी भिंत धरली. जोडीदारांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

अहवालात आता फरशी लिहिली आहे. चूक कारखान्याची. आज सकाळी जोडीदारांनी मीठ टाकलं, आधीपेक्षा जास्त टाकलं म्हणाले. बूट मी घरी आणले.

माझा राग गेलेला नाही. तुझी सही नसती तर कालचं काही झालं नसतं, हे मला समजतं. पण तुझी दोन मिनिटं नसती तर कालचा दिवसच आला नसता, हेही समजतं. दोन्ही मी डोक्यात ठेवून आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आज सकाळी आईच्या हातून न्हाणीघरात तांब्या कलंडला. ती तिथेच थांबली, भिंतीला हात लावून, सवयीने वाट बघत. मी बाहेरून ओरडले. नीट जमलं नाही, आवाज फाटला. पण तिने पाय पूर्ण टेकवला आणि मग उचलला.

मी कामावर गेले की ओरडायला कोणी नसतं. तू ये. नोकरी राहो न राहो, ये. मी तुझ्याशी लगेच बोलेन असं समजू नकोस. लोभ मागू नकोस, तो आहेच. राग संपला की कळवीन.

तुझी,
ताई