हार्डला ली लागत नाही

३ जून

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

नाही, मला राग आलेला नाही. घुम्याला जायचं असेल तर त्याने खुशाल जावं. एकोणीस वर्षं एकाच दुकानात खुर्च्या विणून माणसाला कंटाळा येतोच. मला येत नाही, ते माझं नशीब.

तुमच्या गावातल्या मोठ्या वाचनालयात वेताच्या तीनशे जुन्या खुर्च्या आहेत म्हणे. त्या दुरुस्त करायला कायमचा माणूस हवाय. त्याचं छापील पत्रक परवा घुम्याच्या बाकावर दिसलं. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, पत्रक आहे. पुढे काही नाही. तू लहानपणी त्याचं नाव घुम्या ठेवलंस ते उगाच नाही. मी म्हटलं, जायचंय तर जा, तिथे डोक्यावर पंखा तरी असेल. तो विणत राहिला. नाही म्हणाला नाही, म्हणजे हो म्हणाला. अर्ज मीच आणवला, मीच भरला. आपल्याला कुणाला अडवून ठेवायची सवय नाही.

आता त्यांना मालकाचं शिफारसपत्र हवंय, तेही इंग्रजीत. आमच्या वेळी इंग्रजीचं पुस्तक मिळालं होतं, मास्तर मिळाला नव्हता. तरी पत्र मीच लिहिणार. तू लिहायला बसलीस तर चार पानं होतील आणि त्यात घुम्या शोधावा लागेल. मला एवढंच सांग: माणूस कसा आहे आणि काम कसं करतो, ह्या दोन गोष्टींना इंग्रजीत शब्द कसे जोडायचे. राबतो, कधी उशिरा येत नाही, हळू बोलतो, घट्ट विणतो. बस.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर सांभाळायला जागा नाही.
तुझी आत्या


८ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावलीस का, असं मी विचारलंच नव्हतं. पण उत्तर मिळालं, बरं झालं.

धडा सोपा आहे. वस्तूला किंवा माणसाला चिकटतं ते विशेषण, लाकडावरच्या पॉलिशसारखं. स्लो माणूस, नीट माणूस. (हा ‘नीट’ इंग्रजीतही नीटच आहे, तुला आवडेल.) पण हात कसा चालतो हे सांगायचं असेल तर त्याच शब्दाला बहुतेक वेळा मागून ‘ली’ लागते. स्लोली बोलतो, टाइटली विणतो. शिवाय विशेषणाच्या डोक्यावर आणखी एक शब्द बसवता येतो, किती ते सांगायला: व्हेरी गुड, फेअरली गुड, प्रिटी गुड. इथे फेअरलीचा गोरेपणाशी आणि प्रिटीचा रूपाशी काही संबंध नाही. दोन्ही म्हणजे बऱ्यापैकी.

आत्या, घुम्याकाका खरंच येतोय का इकडे? मला आनंदच आहे, पण दुकानात तू एकटी, हे चित्र काही डोळ्यांसमोर येत नाही. कागद संपला, मागे बघ.

(मागच्या बाजूला)
महत्त्वाचं राहिलं. हार्ड आणि लेट ह्या दोघांना ली लावायची नाही, ते दोन्हीकडे तसेच चालतात. ‘वर्क्स हार्ड’ म्हणजे राबतो. ‘हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेम हात हलवतो. तसंच ‘लेटली’ म्हणजे हल्ली. आणि हो, माझी अक्कलदाढ काढली. गाल एवढा सुजलाय की वर्गातली पोरं माझ्याऐवजी फळ्याकडे बघतात. 

माया पातळ करू नकोस.
तुझी भाची


१४ जून

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या लीने डोकं उठवलं. आपल्याकडे ली बायकांना लागते. आली, गेली, बसली, रुसली. इंग्रजांनी ती पुरुषालाही लावली. घुम्या स्लोली बोलतो म्हणे. मग ‘स्लोला’ बोलतो का नाही? पण मी वाद घातला नाही. सांगितलंस तसं लिहिलं आणि तो परवा गाडीने निघाला तेव्हा हातात दिलं. पाकीट उघडंच दिलं, डिंक सुकला होता. नक्कल अशी:

‘ही हार्डली वर्क्स. ही नेव्हर कम्स लेट. ही स्पीक्स स्लोली अँड वीव्हज टाइटली. ही इज अ व्हेरी नीट मॅन अँड प्रिटी ओल्ड.’

आता तपासू नकोस, मूळ कागद गेलेला आहे. प्रिटी ओल्ड वाचून त्यांना कुणी देखणा म्हातारा येतोय असं वाटलं, तर बघतील आणि समजतील.

दुकान ठीक आहे. आज दिवसभर कुणाला ‘ती सुतळी दे’ म्हणायचं नव्हतं, त्यामुळे काम भराभर झालं. दोनच खुर्च्या झाल्या, पण भराभर झाल्या. तू मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कर, सूज उतरेल.

पुरे आता.
तुझी आत्या


२१ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बसून वाच. तुझी चूक झाली, पण मोठी गंमत झाली. मागचं पान वाचायचं राहून गेलेलं दिसतंय.

वाचनालयातल्या ग्रंथपालबाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं आणि पत्र पुढे ठेवलं. तू लिहिलंयस, ‘हा माणूस जेमतेम काम करतो. कधी उशिरा येत नाही.’ त्या म्हणाल्या, काम करायचं नाही तर एकोणीस वर्षं वेळेवर कशाला येतो हा? मी म्हटलं, आत्याची ली घसरली. त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी घुम्याकाकासमोर एक फाटकी खुर्ची ठेवली. दोन तासांत त्याने कोपरा विणून दिला. बाईंनी वरून पाहिलंच नाही. खुर्ची उलटी करून खालून हात फिरवला आणि म्हणाल्या, एक तारखेपासून या. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

मी त्याला चहाला नेलं. आत्या, तो बोलला. मी मोजली, अकरा वाक्यं. ते पत्रक पॉलिशच्या डब्याभोवती गुंडाळून आलं होतं. त्याने ब्रश पुसायला बाकावर ठेवलं होतं. त्याला कुठे जायचंच नव्हतं. तू जा म्हणालीस, अर्ज भरलास, म्हणून आला. आणि पत्र त्याने गाडीतच वाचलं. मी लहानपणी दुकानात बसून इंग्रजीचं व्याकरण घोकायचे ना, ते तो विणता विणता ऐकत असे. हार्ड आणि हार्डली त्याला तेव्हापासून पाठ. वाचून त्याला बरं वाटलं. वाटलं, आता हे आपल्याला घेत नाहीत, सुटलो. म्हणून पत्र जसंच्या तसं दिलं. पण खुर्ची समोर आल्यावर वाईट विणायला हात तयार होईना.

आता पंचाईत अशी की तो तुला विचारणार नाही. त्याचं म्हणणं, आमच्या बाईंनी जा म्हटलंय. बाईंनी थांब म्हटलं तर थांबेन. तेवढा एक शब्द बोल. साधा, विना-ली.

वाट बघतेय.
तुझी भाची


२५ जून

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

अकरा वाक्यं? मला एकोणीस वर्षांत सलग तीन ऐकवली नाहीत. असो.

होय, चूक झाली. मागचं पान मी वाचलंच नाही. कागदाच्या मागे कोण लिहितं? मागे किराणावाला हिशेब करतो.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या सकाळी घुम्या हजर, नेहमीच्या वेळेला. बाक पुसला, वेत बघितला. मी तो शब्द घरून तोंडात धरून आणला होता. चहा न पिता आणला होता, सांडू नये म्हणून. पण तोंड उघडल्यावर भलतंच बाहेर आलं. मी म्हटलं, खानावळवाल्याच्या चाळीस खुर्च्या आल्यात, वेत किती भिजत घालू. तो म्हणाला, सगळा घाला.

सगळा वेत म्हणजे दोन महिन्यांचं काम. मी सगळा घातला. मग त्याने खिशातून वाचनालयाचं कामावर बोलावण्याचं पत्र काढलं, बाकावर नीट पसरलं आणि त्यावर ब्रश पुसला. थांब म्हणायची वेळच आली नाही. मी म्हटलं, वर पंखा बसवून घेऊ या. तो म्हणाला, नको, धूळ उडून ओल्या पॉलिशवर बसते. एका दिवसात दोनदा बोलला. दुपारी त्याच्या जिभेला विश्रांती दिली.

ग्रंथपालबाईंना नाही म्हणून कळव. खुर्च्या दहा-दहा करून इकडे पाठवा म्हणावं, होतील.

तब्येतीला जप.
तुझी आत्या


२९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ग्रंथपालबाई कबूल झाल्या. पहिल्या दहा खुर्च्या सोमवारी निघतील.

मी मात्र तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून बसले. मास्तरीण ना मी, खोड जात नाही. चुकून लिहिणारा माणूस ‘वर्क्स हार्डली’ लिहितो. माझ्या वर्गात दरवर्षी चाळीस जण लिहितात. तू ‘हार्डली’ नेमका ‘वर्क्स’च्या आधी बसवलास, अगदी बरोब्बर जागी. शेजारच्या ‘लेट’ला मात्र ली लावली नाहीस, तेही बरोबर. आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आत्या? अक्कलदाढेचा विषय मी फक्त कागदाच्या मागच्या बाजूला काढला होता. हार्डच्या खालीच.

घुम्याकाकाला मी काही सांगणार नाही. त्याला सगळं माहीत आहे, असं मला वाटतं. तू काय म्हणतेस?

माझ्यावरचा लोभ ह्या पत्राने कमी होणार नाही, ह्या भरवशावर,
तुझी भाची


४ जुलै

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

दहा खुर्च्या पोचल्या. तीन खुर्च्यांचे पाय हलतात, घुम्या म्हणतो ठोकून देईन. सूज उतरली असेल तर गुळण्या बंद कर.

बाकीच्या विषयावर मी काही लिहिणार नाही. पान उलटू नकोस, मागे काही नाही.

तुझी आत्या