अकरा जणांचा एकच श्वास

नाना, तुमच्या नातवाबद्दल माझ्या मनात शंका आली आणि ती कुणाशी बोलावी ते कळेना, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुझा भाजीवाल्याच्या तराजूपासून देवळातल्या पावतीपर्यंत सगळ्यावरच संशय. आहेच. घरचा हिशोब मी ठेवते, त्यामुळे गोड बोलणाऱ्याकडे दोनदा बघायची सवय लागली आहे.

तुम्ही गेलात तेव्हा हा रांगत होता. आता रुद्र, पवमान, सगळं शिकलाय, स्वरही शुद्ध आहे. पण गंगेकाठी ब्रह्मा घाटाच्या गल्लीत यजमान आता फारसे चढून येत नाहीत, फोनवरून येतात. म्हणून त्याने मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, माइक आणला, कॉम्प्युटर आणला. तिथे बसून पाठ म्हणतो, रेकॉर्ड करतो आणि लांबच्या लोकांना पाठवतो. मी हायस्कूल पास बाई, मला त्यातलं काय कळणार, असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटत होतं.

यंदा श्रावणात बडोद्याच्या एका यजमानांनी अकरा ब्राह्मणांचा लघुरुद्र सांगितला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या खोलीत रोज सकाळी लावता येईल म्हणून त्यांना रेकॉर्डिंगही हवं होतं. त्यानंतर एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि मागच्या खोलीतून अकरा ब्राह्मण म्हणायला लागले. जिन्यावर तर कुणाचं पाऊल वाजलं नव्हतं. उठून दाराशी गेले, तर चपलांचा एकच जोड, त्याचाच. मग कान देऊन ऐकलं. ऐन अनुवाकाच्या मध्यावर आवाज तुटला. अकराच्या अकरा जणांनी एकदम श्वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, एका माणसासारखा.

नाना, मला आपल्या घरचं अनुष्ठान आठवलं. मी परकरात आहे. आई चुलीपाशी घामाघूम झाली आहे, म्हणते, "पानं वाढलीत म्हणून सांग त्यांना. पण मधेच बोलू नकोस, थांबले की सांग." मी उंबऱ्याशी उभी राहते. तुम्ही सगळे म्हणता आहात. एकजण श्वास घेतो तेव्हा शेजारचा म्हणत असतो, तो घेतो तेव्हा तिसरा, आणि आवाज काही तुटत नाही. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होते. भात गार झाला, आईने आतून दोनदा डोळे वटारले. शेवटी तुम्ही उठून आलात, पानांकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "आम्ही मधे थांबायची वाट बघत होतीस होय? मधे थांबायचं असेल तर अकराजण कशाला बसवायचे? मी एकटा पुरे." सगळे हसले. मला मात्र रडू आलं होतं.

संध्याकाळी मी त्याला सहज विचारलं, "कोण कोण आलं होतं रे?"

"आले होते ना."

"चहालाही नाही थांबले?"

"जल्दी में थे, आई."

चहा न घेता गेले, आणि तेही सगळे. रात्री मला झोप लागली नाही.

आठवडाभराने तो खोलीत मित्राशी फोनवर ओरडत होता, "अरे यार, नए वर्जन में पुराना प्लगइन खुल ही नहीं रहा." मी ताक द्यायच्या निमित्ताने आत गेले. तेच रेकॉर्डिंग लावलेलं होतं, पण आता त्यात एकच आवाज, याचा. बाकीचे दहा गायब.

"जेवायला गेले का रे?" मी विचारलं.

मग त्याला सांगावंच लागलं. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या मोठ्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. ते याच्या एका आवाजाचे अकरा करत होतं, कुणाचा थोडा जाड, कुणाचा पातळ. याने मोठं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, आणि नवीन त्या जुन्याला ओळखच देईना. मला हे कुकरवरून समजलं. नवा घेतला की जुनी रिंग बसत नाही, आणि नवी बनवणाऱ्याला जुनी बसायला नकोच असते.

"चाललं होतं ते कशाला बदललंस?"

"जुन्याला ते सपोर्ट बंद करतात, आई. आणि नव्यात हे सगळं आतच आहे. अकरा जणांचे श्वाससुद्धा वेगवेगळे करून देतं."

"जुन्यात श्वासावरूनच धरलं मी तुला."

तो हळूच म्हणाला, "नव्यात तुलाही कळणार नाही." नाना, मला त्या मशीनची तेव्हा खरी भीती वाटली.

म्हणाला, "अकरा आणू कुठून? एक पुण्याला, दोघं नोएडाला कंपनीत. शेजारचे काका म्हणता म्हणता झोपतात. प्लगइन निदान झोपत तरी नाही." मला हसू येत होतं, ते दाबून मी विचारलं, "संकल्पात काय म्हणालास?"

त्याने मान खाली घातली. "एकादशनी."

म्हणजे एका माणसाने अकरा वेळा म्हटलेला रुद्र. तेवढा त्याने खरोखर म्हटला होता, घसा बसेपर्यंत. लघुरुद्राला अकराजणांनी अकरा-अकरा वेळा म्हणावं लागतं. गंगेत पाणी सोडताना त्याची जीभ खोट्याकडे वळली नाही, वळली ती फोनवर.

"देवाला सांगायची गरजच नव्हती, त्याला दिसतंच," मी म्हणाले. "सांगायचं होतं ते यजमानाला. लाव फोन."

त्याने स्पीकरवर लावला. सगळं सांगितलं, दहा जणांची दक्षिणा परत करतो म्हणाला. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "एकट्याचं पाठवा. आईला हे काही कळता कामा नये." आणि ठेवता ठेवता विचारलं, "एकट्याचं तरी तुमचंच आहे ना?" तुमच्या नातवाचा चेहरा मला बघवला नाही. तो प्रश्न आता सगळेच विचारणार. मीसुद्धा दारापाशी उभी राहून ऐकते, काय सांगू.

एकट्याचं पाठवलं. मग त्याने विचारलं, "जुन्यात आधीच तयार करून ठेवलेलं अकरावालं पुसून टाकू?" मी म्हणाले, "राहू दे, उद्या भांडण झालं तर दाखवायला." त्याला ते पटलं. माझं असलं बोलणं सगळ्यांना पटतं.

तुम्हाला मात्र खरं सांगते, कारण हे पत्र जाणार कुठेच नाही. त्या अकरांत मशीनने जाड केलेला एक आवाज आहे, डावीकडून येतो. तो हुबेहूब तुमचा आहे. तुमचा नाही, हे मला चपला बघितल्या तेव्हाच कळलं होतं. तरी दुपारी घरात कुणी नसलं की मी तो लावते आणि डोक्यावर पदर घेऊन ऐकते.