पडद्यावरचा बगळा

प्रिय दादा,

सीमेवरच्या थंडीत हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा आपल्या वडिवळ्यात भात पोटरीला आलेलं असेल. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. आधीच रागावू नकोस.

तळेगावच्या कारखान्यात मी नेमकं करते तरी काय, असं तू नेहमी चिडवून विचारतोस ना? ऐक. दोघा-तिघांनी पाठीवर वाहून न्यायचं रडार आम्ही जोडतो आणि आंदर मावळातल्या पठारावर नेऊन तपासतो. तिपाईवर मांडलं की त्याचं तोंड गरगर फिरायला लागतं. माझी सहकारी प्रेरणा लांब खोऱ्यातून कुठूनही ड्रोन सोडते. डोळे फाडून पाहिलं तरी मला आभाळात काही दिसत नाही, आणि पडद्यावर मात्र ठिपका हजर! धुकं असो, पाऊस असो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजूनही येतो. एवढ्याशा पेटीला अख्खं आभाळ ठाऊक, आणि मी तिच्यासमोर आ वासून बसलेली.

मागच्या महिन्यात एक ठिपका भातखाचरांवरून अगदी जमिनीलगत आला. रडारने त्याला पक्षी ठरवलं. मीही नोंद केली, नांगरामागचे बगळे. शेतकऱ्याच्या पोरीला पाखरं कळणारच, म्हणून कुणी पुन्हा पाहिलं नाही. त्याच रविवारी जेवताना हे मी आबांना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "रोपं लावून, भाताची आवणी हून पंधरा दिस झालं. आता नांगर कुटं चालतोय, तेजल?"

सकाळी प्रेरणाची नोंदवही काढली. त्या वेळी त्या खाचरांवर तिचाच ड्रोन होता. यंत्र चुकलं होतं, आणि मी शहाणपणा करून त्याच्या चुकीवर सही ठोकली होती. तशीच साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाठवायचे सगळे संच थांबवले, आता एकेकाची तपासणी पहिल्यापासून.

ते संच तुझ्याच तुकडीला यायचे होते, दादा. परवा तू फोनवर म्हणालास, "कंपनीवाले झोपलेत का? आमी अजून दुर्बीण लावून बसलोय." मी नुसतं हं म्हणाले आणि फोन आईकडे दिला. माझ्यामुळे तुला आणखी महिनाभर डोळ्यांनीच आभाळ राखावं लागणार. त्या महिन्यात काही झालं तर, या विचाराने मला फार भीती वाटते. पण तो संच तसाच आला असता आणि त्याच्या भरवशावर तू निर्धास्त झाला असतास तर? म्हणून बोलले. शिव्या घालायच्या तेवढ्या मला घाल. दुर्बीण मात्र खाली ठेवू नकोस.

तुझीच,
तेजल