गुरुवारी राहून गेलेलं कार्ड

सोम. ३ नोव्हेंबर

सकाळी उठल्याबरोबर घरभर फेरी. यांना विचारलं, दम कसा आहे? म्हणाले, "काल होता तितकाच हाये, आज काही वाढवला नाई." खाणीतून रिटायर होऊन सात वर्षं झाली, कोळसा अजून छातीतच. सुनेची, वैशालीची कंबर आज बरी, वाकून झाडत होती. नातीची दाढ हलते, पण हात लावू देत नाही. प्रशांतला विचारायचं राहिलं म्हणून फोन केला, तर ओरडला, "आई, मले काय धाड भरली! गाडी चालवून राह्यलो ना मी." समोरच्या काकूंची साखर उतरली. माझी कोणी विचारली नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. बरी आहे.

दुपारी रेडिओ केंद्रावर. श्रोत्यांची कार्डं चार. एकेकाळी पोस्टमन पोतं ओतायचा टेबलावर. मागच्या सोमवारचं एक उरलेलं, राजय्याभाऊंचं. गोंडपिपरीकडचे, नदीत जाळं टाकतात, किती वर्षांपासून लिहितात. "मल्लक्काले पंधरा दिवस झाले ताप हाये. गुरुवारी खुशालीत तिचं नाव घेऊन विचारा. तुमचा आवाज ऐकला का दोन घास जास्त खाते."

उद्या सगळ्यात आधी हेच.

मंगळ. ४ नोव्हें.

रेकॉर्डिंग झालं. रहमानभाऊ उशिरा आले, गळ्यात टेप तसाच, दुकानातून सरळ. एकोणीस वर्षं आम्ही दोघं एका माइकपुढं बसतो. ते विचारतात, मी सांगते, मग मी चिडवते, ते चिडतात, आणि त्यातूनच लोकांना धानाचा करपा, गाईचा लाळ्या समजतो. शेवटी माझी खुशाली. कार्डातल्या आजाऱ्यांची नावं घेऊन विचारपूस.

र.भा. म्हणाले, "बाई, तुमची खुशाली अन् माझी शिलाई, दोन्ही उसवून राह्यल्या जी." हसलो.

नवे साहेब काचेपलीकडून बघत होते. हसले नाहीत. त्यांच्या टेबलावर कागद होता. कोण किती ऐकतं, आमचं किती, तुकूमच्या नव्या एफएमचं किती. आता बल्लारपूर रोडवर तिसरंही निघणार म्हणे.

गुरु. ६ नोव्हें.

साडेसहाला आमचा कार्यक्रम लागला. स्वयंपाकघरात वैशालीचं तुकूम चालू होतं, तिनं माझ्यासाठी बदललं. पोरगी चांगली आहे, पण गाणं अर्ध्यात तोडलं तर तिचं तोंड पडतं. मीही काय करू.

माझा आवाज: "मल्लक्काबाई, ताप उतरला काय? उठून बसली काय? भात खात जाय वं माय, नुसत्या चहानं अंगात ताकद येते काय?" बरं वाटलं ऐकून.

शुक्र. ७ नोव्हें.

लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी वैशाली भाकरी थापत होती, मोबाइलवर तुकूम. लोकांचे फोन घेतात, लगेच बोलतात, लगेच गाणं. एक पोरगा बल्लारपूरहून बोलला. राजय्याभाऊंचा पुतण्या. "आमची मोठी आई मागच्या शुक्रवारी गेली. अन् काल त्या दुसऱ्या रेडिओवरची बाई तिले विचारून राह्यली, भात खाल्ला काय म्हणून. घरी पन्नास माणसं बसली होती." तिथला बोलणारा हसला. म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं सगळं लाइव्ह हाये. तिकडं डायरेक्ट वरची खुशाली विचारतात!" मग ते हसण्याचं मशीन वाजवलं.

पुतण्या हसला नाही. म्हणाला, "आदल्या गुरुवारी उशाशी रेडिओ ठेवला होता तिनं. आज आपलं नाव येते म्हणे. नाई आलं."

फोन तुटला की तोडला, कोण जाणे. वैशालीनं मोबाइल बंद केला. भाकरी जळली तव्यावर.

शनि. ८ नोव्हें.

यांनी समजावलं, "कार्डाले दिवस लागतेत. तुझ्या हातात काय होतं त्याच्यात?"

हातातच होतं. कार्ड सोमवारी, २७ ला आलं. २८ ला रेकॉर्डिंग, ३० चा गुरुवार. ती शुक्रवारी गेली. वाचलं असतं तर ऐकलं असतं.

काऊन नाही वाचलं? त्या दिवशी खुशालीची सगळी वेळ मी आमच्या कौतुकाच्या कार्डांना दिली. कल्पना माझीच. साहेब नवे, हातात तुकूमच्या आकड्यांचा कागद, म्हटलं, यांना ऐकू तर दे लोक काय म्हणतात आमच्याबद्दल. पाच कार्डं वाचली. एकात लिहिलं होतं, सुमनबाईचा आवाज म्हणजे थंडीतली गोधडी. ते मी दोनदा वाचलं.

दोनदा.

मंगळ. ११ नोव्हें.

साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, या गुरुवारी माफी मागते, एका मिनिटाचं काम आहे. म्हणाले, "मॅडम, आपली चूक आपणच प्रसारित करायची नसते. लोकांना आठवण कशाला करून द्यायची?" माणूस वाईट नाही. चहा मागवला माझ्यासाठी. पण खुशाली या आठवड्यापासून बंद. तेवढी जागा सरकारी योजनांच्या माहितीला.

र.भा. बाहेर पायरीवर बसले होते. त्यांना २८ तारखेच्या रेकॉर्डिंगचं सांगितलं. टेप बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी पण होतो ना बाई तिथी. मी काऊन नाई म्हटलं, हे कार्ड घ्या म्हणून? मले पण गोड लागलं." एवढं बोलून सायकल काढली.

त्यानं बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

रवि. १६ नोव्हें.

र.भा.च्या दुकानात गेले, नातीचा फ्रॉक उसवला होता म्हणून. त्यांनी सुई-दोरा माझ्याच हातात दिला. "ओवून द्या." तीन महिने झाले, भोक दिसत नाही म्हणाले. बायको ओवून ठेवते सकाळी दहा-बारा सुया, त्या संपल्या की दुकान बंद. मला हे माहीतच नव्हतं. जिल्ह्याची खुशाली विचारणारी मी!

मग म्हणाले, "तुकूमवाल्यानं बोलावलं मले. रोज सकाळी एक तास. आपल्या बोलीत गमतीजमती."

मी म्हटलं, "तो हसणारा?"

"तोच. पयले त्याले म्हटलं, त्या दिवशीचं मशीन तू कोणावर वाजवलं, माहीत हाये का? मातीवरून आलेल्या घरावर वाजवलं. पोरगं वरमलं जी. वाईट नाई तो, लहान हाये."

"मग जाता?"

"जातो. रागावल्या?"

मी फ्रॉक पुढं सरकवला, शिवून घेतला. निघताना दोन सुया अजून ओवून खोचल्या त्यांच्या सुयांच्या उशीत. म्हटलं, "तिथी माझी नक्कल करसान तर दुकानात येऊन झोडपीन." म्हणाले, "तुमची नक्कल करायले हिंमत लागते, बाई."

रागावले होते. आताही थोडा राग आहे.

मंगळ. १८ नोव्हें.

पहिल्यांदा एकटी बसले माइकपुढं. समोरची खुर्ची उचलायला सांगितली, रिकामी बघून बोलवेना. विचारायचं कोणी नाही तर सांगायचं कोणाला? धान चुरायच्या, मळणीच्या मशीनची काळजी, पाच मिनिटांत संपलं. साहेब म्हणाले, "छान, नेमकं."

जाता जाता सांगितलं की १ डिसेंबरपासून गुरुवारचं आमचं बंद. कार्यक्रम वरून तयार होऊन येणार, सगळ्या जिल्ह्यांना एकच. आमच्या जिल्ह्याचंच नाही, सगळीकडं तसंच. २७ ला शेवटचा. "त्या दिवशी पाहिजे ते बोला मॅडम, आठ मिनिटं तुमची."

आठ मिनिटं.

शनि. २२ नोव्हें.

काय बोलायचं ते चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. माफी मागायची नाही, म्हणजे काय म्हणायचं?

यांना औषध देताना विचारलं, दम कसा आहे? म्हणाले, "मले रोज विचारतं, तुले कोणी विचारते काय?" थट्टेत म्हणाले. पण डोक्यात लख्ख झालं. मल्लक्काला विचारलं, तेही उशिरा. राजय्याभाऊंना कधीच विचारलं नाही मी. तिच्या आजाराचं कार्ड त्यांनीच लिहिलं, त्यांच्या अक्षरात, तरी नाही. एकोणीस वर्षांत आजाऱ्यांची विचारपूस केली, उशाशी बसणाऱ्याची एकदाही नाही.

हेच बोलायचं. यात माफीचा शब्द नाही, साहेबांनाही चालेल.

मंगळ. २५ नोव्हें.

बोलले. धानाचं थोडं, निरोपाचं थोडं, आणि शेवटी: "राजय्याभाऊ, आता तुमचं कसं हाये? जेवता ना? घरी कोण हाये सोबतीले?" नीट बोलले. रेकॉर्डिंगवाल्यानं अंगठा दाखवला.

घरी येताना शेवग्याच्या शेंगा घेतल्या. महाग.

गुरु. २७ नोव्हें.

सगळे बसले ऐकायला. प्रशांतनं सुट्टी टाकली. वैशालीनं पोहे केले. र.भा. बायकोला घेऊन आले, बरोबर पेरू.

धानाचं लागलं. निरोपाचं लागलं. मग एकदम संगीत, आणि एक अनोळखी बाई गोड आवाजात: एक डिसेंबरपासून नवा कार्यक्रम, नव्या रूपात. दीड मिनिट. संपलं.

राजय्याभाऊंचं नाव आलंच नाही.

नातीनं विचारलं, "आजी, झालं?" म्हटलं, झालं माय.

साहेबांना फोन केला. खरंच ओशाळले. "मॅडम, जाहिरात लांबली हो. शेवटचं कापावं लागलं, वेळच उरला नाही."

वेळ उरला नाही. मीही २८ ऑक्टोबरला हेच म्हटलं होतं, त्याच माइकपुढं. त्यांच्यावर रागवायला मला तोंड नाही.

शुक्र. २८ नोव्हें.

र.भा.चा फोन. तुकूमच्या स्टुडिओतूनच. "बाई, आमच्याकडं लाइव्ह हाये. तुमी फक्त हो म्हणा, आता म्हणतो राजय्याभाऊंसाठी तुमचा निरोप. दोन मिनिटांत पोचते. पोरगा पण तयार हाये, तोही माफी मागतो म्हणते."

दोन मिनिटांत.

म्हटलं, "नको जी. साऱ्या जिल्ह्याले ऐकवायची गोष्ट नाई राह्यली ही. एकालेच सांगायची हाये."

र.भा. म्हणाले, "मग पेन घ्या ना, माझी काऊन वाट पाह्यता?" पाठीमागे गाणं सुरू झालं, फोन ठेवला.

शनि. २९ नोव्हें.

पोस्टात जाऊन कार्ड आणलं. एकात मावेना, तीन लागली. टाकायच्या आधी इथं उतरवून ठेवते.

"राजय्याभाऊंना सुमनबाईचा नमस्कार. तुमचं कार्ड मला २७ ऑक्टोबरला मिळालं होतं. ३० तारखेला मल्लक्काबाईंचं नाव घ्यायला पाहिजे होतं. वेळ होता. तो मी आमच्या स्तुतीची कार्डं वाचण्यात घालवला. पोस्टाचा दोष नाही, केंद्राचा नाही, माझा आहे. त्यांनी उशाशी रेडिओ ठेवला होता हे मला नंतर कळलं. ते मनातून जात नाही आणि जाऊ नये. सहा तारखेला पन्नास माणसांत तुम्हाला माझं ते बोलणं ऐकावं लागलं, त्याचीही माफी मागते.

"आता तुमचं सांगा. ताप वगैरे नाही ना? भात कोण शिजवतं? जाळं टाकायला जाता की घरीच बसून आहात? रागावला असाल तर तेच लिहा, चार शिव्या लिहिल्या तरी मी वाचीन. लिहायचं मन नसेल तर कोरं कार्ड टाका, मी समजीन की हात चालतो आहे.

"केंद्राच्या पत्त्यावर टाकू नका, सोमवारपासून तिथं उघडायला कोणी नाही. घरचा पत्ता तिसऱ्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. माझ्याकडं आता गुरुवार मोकळाच आहे, भाऊ. उत्तर लवकर टाका."