मामा कशावरून?

घाटकोपर (पूर्व), रविवार

प्रिय शकुस,

दादाचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला बसला का? इकडे नंदा आणि तेजल मजेत आहेत. मी सोडून सगळेच मजेत. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पोस्टाने पाठवतोय. आधी वाच. (मग फाड.)

त्याचं असं झालं, मागच्या आठवड्यात मोबाइलवर कोणी परदेशी शेठ लाइव्ह आला. क्रिप्टोचं एक कॉइन पाठवा, लगेच दोन परत देतो म्हणाला. खाली घड्याळ उलटं पळत होतं, त्याच्यामागे माझं काळीज. फंडाचे पैसे काढायला मी चप्पलसुद्धा घातली. तेवढ्यात आमची तेजल पवईच्या ऑफिसातून आली. म्हणाली, "पप्पा, फुकट वाटणाऱ्याला आधी तुमच्याकडून कशाला पाहिजे?" मग दाखवलंन, की व्हिडिओ जुना आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. अनोळखी नंबर, घाई आणि पैशांची मागणी, तिन्ही एकत्र दिसलं की फोन ठेवायचा, हेही बजावलं. एक रुपया गेला नाही गं, पण चैन गेलं. एका जागी बसवेना. विहारात वंदना झाल्यावर माइक घेऊन सगळ्यांना सावध केलं (शेवटी माइक काढून घेतला माझ्याकडून).

आणि गुरुवारी फोन आला. अनोळखी नंबर. "मामा, मी आकाश. अंधेरीला इंटरव्ह्यूला आलो होतो, माझी बॅटरी गेली. हा रिक्षावाल्याचा फोन आहे. यावर भाडं पाठवा ना लवकर, तुमच्याकडेच येतोय." तूच सांग, यात काय राहिलं? मी ओरडलो, "कुठला मामा? पोलिसांत देईन!" थोड्या वेळाने तुझा मुलगा दारात. पण मी त्याला पाहिला तो नववीत, हा तर दाढीवाला! सेफ्टी डोअरच्या आतूनच विचारलं, "तुझ्या आईला मी लहानपणी काय म्हणायचो?" म्हणाला, "शकु." अगं, शकु तर सगळेच म्हणतात! (उत्तर 'चिमे' होतं.) मी आतलं दारही लावून घेतलं. नंदा भाजी घेऊन आली आणि जिन्यातच नाकावरून तिने त्याला ओळखलं. पण पोराचं डोकं फिरलं होतं. तू दिलेले लाडू तिच्या पिशवीत टाकून तो मुलुंडला मित्राकडे निघून गेला. रिक्षावाल्याने विश्वास ठेवला, सख्ख्या मामाने नाही, हे नंदा येताजाता ऐकवते. लाडू घशाखाली उतरले नाहीत गं. (तीनच खाल्ले.)

तुझा दादा,
राजाराम

ता.क. : खरं काम राहिलंच. काल मी माफी मागायला मुलुंडला गेलो. दार न उघडताच आकाश म्हणाला, "मामा कशावरून?" आधार कार्ड दाराच्या भिंगाला लावून दाखवलं, तर म्हणे हल्ली तीही खोटी निघतात. तेव्हा तू त्याला फोन कर आणि सांग, हा माझा सख्खा भाऊ आहे म्हणून.

ता.क. २ : "नंदाला विचार," असंही मी आकाशला म्हटलं होतं. त्याने आतूनच तिला फोन लावला. नंदा म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली रे, मलाच अजून खात्री नाही."